कीबोर्डला मींड शिकवताना

शेताच्या बांधावरून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटतात. आपण गोळा करत नाही, तरी येतात! वाजंत्र्यांच्या पार्टीतले किस्से असेच असतात. आम्ही चौघं-पाचजण टेम्पोत बसलो, की शहापूर सुटायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "तो उंबरमाळीचा सांगा ना, मास्तर." मग उतरायचं ठिकाण येईपर्यंत गप्पांना खंड नाही.

पार्टी बबनदादाची. बबनदादा शेणव्याचा. ढोलकी त्याची, टेम्पो त्याचा, आणि माइक नसला तरी चालेल असा आवाजही त्याचाच. कमलाकर, म्हणजे कमळ्या, ऑक्टोपॅड वाजवतो. दिवसा तो कंपनीत मशीनवर असतो, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण ही त्याच्या मते 'सेटिंग'ची अडचण असते. मी शाळेत मराठी शिकवतो आणि पार्टीत पेटी वाजवायचो, म्हणून मास्तर. आणि सनई वाजवायचा वसंता. माझा धाकटा भाऊ.

वसंता गेल्या वर्षी गेला. त्यानंतर पार्टीत सनई वाजली नाही. दुसरा सनईवाला आणू या, असं बबनदादा एकदाही म्हणाला नाही आणि मीही नाही.

मग वसंताच्या मंजूचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडकडचा, चांगला. पाठवणीच्या वेळी वाजवायला वसंताने स्वतःची एक धून बांधली होती. आमच्या भागातल्या कितीतरी पोरी त्या धुनेवर सासरी गेल्या. मंजू मला म्हणाली, "काका, मला पण त्याच धुनेवर जायाचंय. पण दुसरा सनईवाला नको. बाबांची धून दुसऱ्याच्या फुंकरीतनं ऐकवणार नाय मला. तुमी वाजवा."

"अगं, पेटीवर ती येत नाही," मी म्हणालो.

"मग कायतरी करा!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पेटीवर ती खरंच येत नाही. पेटीचा सूर पायरी-पायरीने उतरतो. सनईचा उतारावरून घरंगळत येतो. ती मींड आणायची तर कीबोर्ड हवा, असं कमळ्याने जाहीर केलं. बबनदादाने कल्याणहून एक जुना कीबोर्ड आणला. लग्न वैशाखात. होळी नुकतीच झालेली. शिकायला हाताशी एवढाच वेळ, आणि शिकायची जागा कुठली? चालू कार्यक्रम!

*

पहिलाच कार्यक्रम शेणव्याला, बबनदादाच्या चुलत्याकडे. नवरदेवाची हळद. कमळ्या दुपारपासून कीबोर्डच्या छोट्या पडद्यात डोकं घालून बसलेला. एकदम ओरडला, "मास्तर, सापडलं! पोर्टामेंटो! हेच ते. एका सुरावरनं दुसऱ्यावर उडी नाय मारायची, घसरत जायाचं."

"किती घसरत?"

"वेळ लिहिलीय. फुल्ल करून ठेवली!"

फुल्ल! मी पहिलं गाणं सुरू केलं. एक पट्टी दाबली, दुसरी दाबली. सूर पहिल्यावरून निघाला आणि रमतगमत, इकडे तिकडे बघत, दुसऱ्याकडे चालू लागला. तो पोचायच्या आत मी चौथ्या पट्टीवर. गाणं कुठलं आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि मलाही फार वेळ राहिलं नाही.

बबनदादा ढोलकी वाजवता वाजवता ओरडला, "ह्याला कोणी पाजली रे?"

बंद कुठून करायचं ते कमळ्याला आठवेना. तेवढ्यात नवरदेवाचा मामा उठला आणि त्या घसरत्या सुरावर नाचायला लागला. सूर वर चढायला लागला की हात वर, खाली यायला लागला की गुडघ्यात वाकत वाकत पार जमिनीला! त्याचं बघून दुसरे. सगळं अंगण वर जातंय आणि खाली बसतंय!

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावातून बबनदादाला फोन. "हळदीला तुमीच या. पण ती घसरगुंडी लावायची. नायतर दुसरी पार्टी बगतो आमी."

*

उंबरमाळीचा किस्सा मात्र मामाने निभावून नेण्यातला नव्हता, कारण ती देवळातली आरती होती.

कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं. बोटाने पुढे ढकललं की वाजणारा सूर वर सरकतो, सोडलं की स्प्रिंग चाकाला जागेवर आणते. ते किती वर सरकावं हे आपण ठरवायचं. सनईवाला ओठाने सूर जरासा उचलतो, तेवढंच मला हवं होतं. कमळ्याला वाटलं, जास्त असलेलं बरं. त्याने एकदम पूर्ण सप्तक लावून ठेवलं आणि मला सांगायचं राहिलं.

तेही चाललं असतं. पण आदल्याच दिवशी आम्ही एका लग्नात वाजवलं होतं, आणि मंगलाष्टकं झाली की अक्षता काही फक्त नवरानवरीवर पडत नाहीत. एक तांदूळ त्या चाकाच्या फटीत जाऊन बसला होता.

आरती सुरू झाली. मी हौसेने चाक जरा पुढे ढकललं. सूर वर गेला, आणखी वर गेला, थेट वरच्या सप्तकात जाऊन उभा राहिला. मी चाक सोडलं. ते येईचना!

भजनीबुवा सत्तरीचे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता थांबतील. बुवांनी डोळे मिटले, फेट्याचं टोक खांद्यावर टाकलं आणि आवाज लावला तो थेट कीबोर्डच्या बरोबरीने! त्यांच्यामागे अख्खं भजनी मंडळ. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, टाळवाल्यांचे चेहरे लालबुंद, आणि मी नखाने तांदूळ उकरतोय. शेवटच्या कडव्यापर्यंत कोणी खाली उतरलं नाही.

आरती संपल्यावर मी बुवांच्या पाया पडलो. "बुवा, माफ करा. यंत्र अडकलं."

बुवांच्या घशातून आवाज येत नव्हता. ते माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजले, "पेटी वर गेली त आमी काय खाली ऱ्हायाचं?"

*

कुठल्या बटणाला कुठलं काम नेमून दिलंय, हे कमळ्याला आठवायचं आणि मला आठवायचं नाही. कीबोर्डवर सारखी दिसणारी, फिरवायची बटणं एका ओळीत. त्यांना कंपनीने काही ठरीव काम दिलेलं नसतं. आपण देऊ ते काम ती करतात. शाळेत नवीन शिक्षकाचं होतं तसंच.

कमळ्याने तोड काढली. बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक बटणावर एक टिकली चिकटवली. लाल म्हणजे घसरण, हिरवी म्हणजे लय, काळी म्हणजे आवाज. इतकं सोपं की बबनदादालाही कळलं.

पुढच्या हळदीत एक मावशी नाचता नाचता थेट माझ्यापाशी आली. कपाळ मोकळं, घामाने टिकली कुठेतरी पडलेली. तिने कीबोर्डकडे बघितलं. "अगो बाई, तुमच्याकडं हायत का? एक घेते हां." आणि मी काही म्हणायच्या आत लाल टिकली उचलून, आरशाशिवाय, बरोबर कपाळाच्या मधोमध!

तिचं बघून तिच्या जावेने हिरवी घेतली. साडी हिरवी होती.

कमळ्या माइकवरून ओरडत होता, "मावशी, ती घसरण हाय! ती घसरण हाय!" मावशीला वाटलं, तो अंगणातल्या ओलीबद्दल सांगतोय. ती जपून नाचायला लागली.

*

त्या हिरव्या टिकलीचा हिशेब डोळखांबला चुकता झाला.

डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावरून वरात निघाली. टेम्पोच्या हौद्यात आम्ही, मागे वऱ्हाड नाचतंय. वरात म्हणजे काय, चार पावलं पुढे, दोन मागे. नवरीकडच्यांनाही ते ठाऊक. वरात अमुक वाजता येईल म्हटलं की भात त्यानंतर बऱ्याच वेळाने चुलीवर चढतो.

मला घसरण थोडी वाढवायची होती. टिकली नव्हती. अंदाजाने एक बटण फिरवलं. ते लयीचं निघालं.

टेम्पोतल्या टेम्पोत लय वाढली! मी घाबरून उलटं फिरवायचं तर आणखी सुलटंच फिरवलं. कमळ्या ऑक्टोपॅडवर पिसाळल्यासारखा. बबनदादा ढोलकीवर, तोंड उघडं. मागच्या पोरांना वाटलं, काहीतरी नवीन आहे. नाचायला सवडच नाही, म्हणून ती धावायला लागली. पोरं मागून येतायत असं बघून ड्रायव्हरने गिअर बदलला. ड्रायव्हर पुढे म्हणून घोडेवाल्याने घोडं पिटाळलं. घोड्यावर नवरदेव, दोन्ही हातांनी बाशिंग धरून!

वरात वेळेआधी नवरीच्या दारात. अशी गोष्ट आमच्याकडे कधी घडलेली नाही, घडणारही नाही. नवरीकडची मंडळी अजून अंघोळी करत होती. नवरीचा बाप टॉवेलवर बाहेर आला, घामाघूम वऱ्हाडाकडे बघितलं आणि बबनदादाला विचारलं, "काय झालं हो? कोणी मागं लागलं होतं काय?"

*

आता पेडल. पाय ठेवला की सूर धरून ठेवतं, काढला की सोडतं, असं ते. पण त्याची एक खोड आम्हाला ठाऊक नव्हती. कीबोर्ड चालू करताना पेडल दाबलेलं असलं, तर त्याला वाटतं, हीच आपली आरामाची अवस्था. मग सगळं उलटं! पाय काढला की धरतो, ठेवला की सोडतो.

एका घरी कीबोर्ड चालू करताना कमळ्याची बॅग पेडलवर होती. मी वाजवायला लागलो, तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गजर. पाय दाबून ठेवला तर ठीक. पण अख्खा कार्यक्रम पाय दाबून कोण बसेल?

बबनदादा घरात गेला आणि वरवंटा घेऊन आला. ठेवला पेडलवर. एकदम स्वच्छ सूर! कमळ्या म्हणाला, "दादा, ह्याला म्हणतात सेटिंग!"

अर्ध्या तासाने घरात गडबड. हळद कुटून झाली होती, पाट्यावर वाटायची होती. पाटा होता, वरवंटा नव्हता. विकतच्या पुडीची हळद त्या घरात नवरदेवाला लागत नाही. "कोणी नेला?" "शेजारी बघा." "मोठ्या जाऊबाईंकडं असंल, त्यांचं लक्षच होतं त्याच्यावर." जाऊबाईंनी ऐकलं. दोघी जावांचं सुरू झालं. लग्नघरात भांडण पेटायला वरवंटा पुरतो!

शेवटी करवलीला तो माझ्या पायाशी दिसला. तिने उचलला मात्र, गाण्याची खिचडी! मी ओरडलो, तिने दचकून परत ठेवला. मग तह झाला. दोन गाणी आमची, मग एक खेप हळदीची. वरवंटा आत-बाहेर करत राहिला. तिसऱ्या खेपेला परत आला तो ओला पिवळाधमक. पेडल पिवळं, वायर पिवळी, माझा पायजमा पिवळा.

बबनदादाने ढोलकी थांबवली. आत वळून म्हणाला, "वहिनी, नवरदेवाच्या आधी ह्या पेडलला हळद लागली! आता ह्याला पण एक बायको बघा!"

(कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला असता तर काम झालं असतं. हे आम्हाला परतीच्या वाटेवर कळलं.)

*

लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा माझी तयारी झाली असं मला वाटलं. कीबोर्ड वसंताच्या घरी नेला, ओटीवर मांडला. मंजू अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती. वहिनी आत भाकऱ्या करत होती. वसंता गेल्यापासून वहिनी कुठल्या कार्यक्रमाला आली नव्हती, आणि मी तिला कधी ये म्हणालोही नव्हतो.

मी पाठवणीची धून वाजवली. एक पट्टी धरून दुसरी दाबायची, सूर घसरत जातो. एकदाही चुकलो नाही. मंजू म्हणाली, "छान."

पोरीचं 'छान' मला कळतं. "काय चुकलं गं?"

"चुकलं नाय, काका. पण बाबा वर जाताना पटकन जायचे. खाली येताना रेंगाळायचे. तुमचं दोनीकडं सारखंच होतंय."

बरोबर होतं तिचं. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलो होतो आणि हे मला सांगता आलं नसतं. मी कमळ्याला फोन लावला. तो कंपनीतून, मशीनच्या खडखडाटात ओरडून सांगत होता, मी पडद्यावर शोधत होतो. डावीकडे आणखी एक चाक असतं, सूर थरथरवणारं. त्याचं ते काम काढून घेतलं आणि घसरणीची वेळ त्याला नेमून दिली. आता उजवा हात धून वाजवणार, डावा हात चाकावर. वर जाताना चाक मागे, सूर झपकन चढतो. खाली येताना चाक पुढे, सूर उतरायला वेळ घेतो.

पुन्हा वाजवली. वर गेलो. मग डावा हात पुढे ढकलत खाली आलो.

मंजूचे हात सुपात थांबले. "आये," ती आत बघून ओरडली, "ऐकलंस काय गो?"

आतून करपल्याचा वास आला. भाकरी करपवणाऱ्यांतली वहिनी नव्हे. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, नेहमीसारखाच. "भाऊजी, आणखी एकदा वाजवा. तव्यावर दुसरी टाकलीय."

*

आणि मग ते लग्न.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवरी गाडीत बसली की पाठवणीची धून सुरू होते, आणि धून थांबल्याशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर चावीला हात लावत नाही. वसंताची धून अशी बांधलेली होती की शेवटचा सूर तो दम असेपर्यंत धरायचा, विरत विरत न्यायचा, आणि दम संपला की पोर गेली.

तो शेवटचा सूर मी पायाला नेमून दिला होता. पाय दाबून सूर धरायचा, उजवा हात मोकळा झाला की आवाजाचं बटण हळूहळू खाली आणायचं. दम संपावा तसं. ह्या वेळी पेडलवर कोणाची बॅग नाही, हे कमळ्याने स्वतः बघितलं.

दिवस कलला होता. मंजू सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली, वहिनीच्या गळ्यात पडली आणि गाडीत बसली. बबनदादाने मला खूण केली.

मी वाजवली. काय सांगू, अशी माझ्या हातून पुन्हा वाजणार नाही! चढताना चढली, उतरताना रेंगाळली. मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पडवीतून कोणीतरी "वसंता..." म्हणालं. बबनदादाने ढोलकीवर हात ठेवला होता, पण थाप दिली नाही.

शेवटचा सूर आला. मी पाय दाबला. उजवा हात उचलला आणि आवाजाच्या बटणापाशी नेला.

सूर वाजत होता.

मुरबाडकर मंडळी आपापल्या गाड्यांत बसली. सूर वाजत होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "निघू काय?"

"अरे, सूर चालू हाय ना!" गाडीशी उभी असलेली एक आजी त्याला म्हणाली. "गाडी कशी हलंल?"

नवरदेवाच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग बबनदादाकडे. कमळ्या वाकून माझ्या कानाशी आला. "मास्तर. पाय."

"ऱ्हाऊ दे रे जरा," बबनदादा म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

गाडीचं दार उघडलं.

"उतरू नको गो!" आत्या धावली. "बसलेली नवरी उतरत नाय!"

मंजू उतरली. शालू एका हाताने सावरत, हिरव्या चुड्याचा आवाज करत मांडव ओलांडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, पुन्हा पाया पडते," ती म्हणाली.

ती वाकली. आशीर्वादाला मी हात वर केला. तिने दोन्ही हातांनी माझा घोटा धरला, पाय उचलला आणि पेडलच्या शेजारी जमिनीवर ठेवला.

गाडी सुरू झाली.